मच्छिंद्रची पोच

"मेल सर्व्हर म्हंजे काय शेठ, आवक-जावकच की! बावीस वर्षं तेच करून राह्यलो. एक पत्र इकडचं तिकडं झालं तर माझं नाव बदला."

"नाव कशाला, टेबल बदलतो," राधेश्यामशेठ म्हणाले. बियाण्यांच्या कंपनीचे ते मालक. "आता पत्रं कागदावर येणार न्हाईत. मशीन सांभाळलंस तर इथं, न्हाई तर वडीगोद्रीचं गोडाऊन."

मच्छिंद्र हसला. जालन्याच्या मस्तगडातल्या घरापासून त्या टेबलापर्यंत तो बावीस वर्षं पायी येत होता. टेबलावर रजिस्टर, शाईचा पॅड आणि 'मिळाले' असा शिक्का.

दुसऱ्या दिवशी आमेर आला. कॉम्प्युटरवाला, पोरगा हुशार, पण प्रश्न फार.

"भाऊ, यूजर खरे ठेवायचे का आभासी?"

"आभासी म्हंजे?"

"म्हंजे मशीनवर तसा माणूसच नसतो. नुसता नावाचा डबा."

मच्छिंद्रनं आवाज खाली आणला. "पगार निघतो का त्यांचा?"

"तौबा! न्हाई हो."

"तरी खरेच ठेव. शेठला असलं चालत न्हाई."

हजेरीपटावर आठ नावं होती, म्हणून आठ खरे यूजर झाले. आठवी गोजरबाई. ती झाडून घ्यायची आणि चहा करायची.

"मला बया कोण पत्र पाठविणार?"

"न पाठवू दे. हक्क हाय तुमचा."

वडीगोद्रीच्या गोडाऊनला एक डबा वेगळा.

"आता पत्रं साठवायची कशी?" आमेरनं विचारलं. "एका डब्याची एकच लंबी फाईल, का दर पत्राला अलग फाईल?"

"सुटे कागद? अन् कोणी मधला एक काढून घेतला तर? बांधीव रजिस्टर पायजे."

"मोठं झालं की उघडायला टाईम लागते, भाऊ."

"माझ्या रजिस्टरला लागत न्हाई."

"बरं. डब्याला मर्यादा किती?"

"आलेलं पत्र दारातून वापस लावायचं? मर्यादा-बिर्यादा काई न्हाई."

ब्राउझरात मेल वाचायला आमेरनं तीन नमुने दाखवले. दोन रंगीत, देखणे. मच्छिंद्रनं तिसरा घेतला, कारण त्याला आडव्या रेघा होत्या.

मग तो खुर्ची पुढे ओढून मुद्द्यावर आला. "पोच कशी द्यायची?"

"पोच?"

"पत्र आलं की 'आपले पत्र मिळाले' म्हणून कळवायचं. बावीस वर्षांत माझ्याकडून एक पोच चुकली न्हाई."

"आपोआप जाईल. एका माणसाला दिवसातून एकदाच, असं कुलूप असते त्याला."

"अन् त्यानं दुसरं पत्र धाडलं तर? त्याला पोच न्हाई? काढ ते कुलूप. खाली मूळ पत्रही जोड. कशाची पोच हाय ते कळाय पायजे माणसाला."

आमेरनं काढलं, जोडलं. मच्छिंद्रच्या हट्टावरून वडीगोद्रीच्या डब्यालाही तसंच केलं.

शनिवारी दोनला वडीगोद्रीचं गोडाऊन सांभाळणाऱ्या कल्याणनं जालन्याला लिहिलं, 'चालू झाला का?' जालन्यानं पोच दिली. वडीगोद्रीला पत्र आलं, म्हणून वडीगोद्रीनंही पोच दिली. मच्छिंद्र ऑफिसला कुलूप लावून समाधानानं घरी गेला.

सोमवारी गोजरबाई दारातच उभी होती. "भाऊ, ते खोकं लई तापलंय. चहा ठेवला तर उकळंल."

मच्छिंद्रनं डबा उघडायला घेतला. गोल चक्र फिरत राहिलं. बांधीव रजिस्टर उघडेना. इतर सात जणांचे डबेही बंद, कारण जागाच उरली नव्हती.

आमेर धावत आला. त्यानं पडद्यावरची यादी खाली-खाली सरकवली. "भाऊ, चौदा हजार दोनशे पोचा. पोचेची पोच, तिची पोच. दर पोचेच्या पोटात मागच्या सगळ्या."

"म्हंजे... एकही चुकली न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

तेवढ्यात शेठ बाहेर आले. "हैदराबादवाल्याचा फोन हाय. त्याची ऑर्डर वापस गेली. डबा भरलाय म्हणे!"

मच्छिंद्र पुसलेलाच शिक्का पुन्हा पुसत होता.

आमेरनं दुपारी सगळं साफ केलं. पोच मात्र शेठनी राहू दिली. हैदराबादवाल्यानं ऑर्डर पुन्हा धाडली तेव्हा लगेच जवाब आलेला त्याला आवडला होता. "जालन्याची राहू दे, वडीगोद्रीची बंद कर," मच्छिंद्र जेवायला गेला होता तेव्हा ते आमेरला म्हणाले. "एका बाजूनं बंद झाली की गोल फिरत न्हाई ना?"

"न्हाई फिरत," आमेर म्हणाला.

बदलीचा हुकूम मात्र शेठनी कागदावरच दिला. मच्छिंद्रनं तो दोनदा वाचला, रजिस्टरात चढवला, आवक नंबर घातला, शिक्का मारला आणि शेठच्या प्रतीवर सही केली: मिळाले.

"अरे, हातात दिलाय मी तुला," शेठ म्हणाले.

"तरी पोच लागते, शेठ."

गोजरबाईनं त्याला त्या दिवशी दोनदा चहा दिला.

बुधवारी तो वडीगोद्रीला पोचला. पोत्यांमागं टेबल होतं, त्यावर कॉम्प्युटर. त्यानं धूळ पुसली, नवं रजिस्टर आखलं, शिक्का उजव्या हाताला ठेवला. मग डबा तपासला. पोच बंद दिसली. कल्याणच्या हलगर्जीवर तो मनात चिडला आणि त्यानं ती चालू केली.

अकरा वाजता त्यानं रुजू झाल्याचा मेल जालन्याला पाठवला.

सव्वातीनला जालन्याचं मशीन भरलं.