झाकणाखालचं मशीन

मित्रांनो, जुनं शिलाई मशीन बोलतंय, तेही लाकडी झाकणाखालून. आवाज दबका आला तर चालवून घ्या.

कारखान्यातून शिंपीमास्तरांनी मला थेट घरी आणलं. माझा रंग काळाकुळकुळीत, आणि त्यांच्या पायाशी माझं असं जमलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, टाके घालता की रेघ मारता?"

मग मास्तरांना पार्किन्सन झाला, कंपवात म्हणतात तो. उजवा हात थरथरायला लागला. शिंप्याचा हात गेला म्हणजे सगळंच गेलं, म्हणून थरथरीची गोळी सुरू झाली. हात बराच स्थिरावला, पण पुढं डोकं भरकटायला लागलं. अर्ध्या शिवणीत पाय थांबायचा, पुढचं सुचायचंच नाही. एकदा पँटच्या खिशाचं तोंडच शिवून टाकलं. गिऱ्हाईक म्हणालं, "बरं झालं, आता पैसा टिकेल." मास्तर हसले नाहीत. नंतर सुई बोटातून गेली, आणि त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला कुलूप घातलं.

आत अंधार, तेल सुकलेलं. बाहेरून मास्तरांची बोटं झाकणावर फिरायची. कुलूप कशाला, ते विसरायचे, पुन्हा विचारायचे. आम्ही दोघंही कोंडलेले, मी झाकणाखाली, मास्तर डोक्यातल्या धुक्यात. मला निदान माझं झाकण कळत होतं.

एकदा डॉक्टरीणबाई घरी आल्या. "या आजारात लक्ष उडतंच. पण ही थरथरीची गोळी डोकं आणखी गढूळ करते. ती हळूहळू बंद करू. मग लक्षासाठी दुसरं औषध देऊन बघू. हात मात्र जास्त हलेल."

"हातच गेला तर ह्यांच्याकडं उरलं काय?" काकू म्हणाल्या.

मग मास्तर सावकाश म्हणाले, "अगं, हात तुझे आहेत की. डोकं मात्र माझंच लागेल."

गोळी बदलली, महिने गेले. जादू झाली नाही. काही दिवस धुकं तसंच. पण एका सकाळी कुलूप उघडलं. मास्तर शेजारी बसले, थरथरता हात मांडीखाली दाबून. काकू शिवायला लागल्या.

"थांब," मास्तर म्हणाले.

काकू थांबल्या. मीही गप्प. पुढचं वाक्य यायला वेळ लागला.

"वरचा दोरा सैल कर. कापड आवळतंय."

संध्याकाळी झाकण परत पडतं, मित्रांनो. ते असू दे. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्यांच्या गोळ्या आपल्या मनानं वाढवू नका, थांबवू नका. आणि बोलता बोलता माणूस अडकलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ते माणूस आत शब्द शोधत असतं. बाहेर कुणीतरी थांबलेलं लागतं.