कॉपी पेशंटच्या हातात

"चिठ्ठीची कॉपी नाही मिळणार म्हणजे? गोळ्या माझी बायको खाते का तुमचं दुकान?"

औषधाच्या दुकानात काटेमास्तरांनी गुलाबी गोळ्यांची पट्टी काउंटरवर आपटली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. चाळीस वर्षांत पारड्याखाली चिकटवलेलं मेण इतक्या वेळा सापडलं, की आता कुणी नुसतं "या, बसा" म्हटलं तरी ह्यांना वाटायचं, हा बसवतोय कशाला?

"आधीची गोळी पांढरी होती. ती खाऊन बायको माझं डोकं खायची. ही खाऊन दुपारभर पडून असते. काय बदललंत?"

काउंटरवरची बाई फटकळ होती, पण कामाला चोख. चष्मा कपाळावर सारत म्हणाली, "काका, डॉक्टरांनी लिहिलं तेच दिलंय."

"मग दाखवा लिहिलेलं."

"ह्या गोळीची मूळ चिठ्ठी दुकानात राहते. कॉपी पेशंटला. काकूंच्या हातात दिलीय मी."

मास्तर चपापले. "ती तर म्हणते, दुकानवाले काहीच देत नाहीत."

बाईनं बिलाचं पुस्तक पुढं ओढलं. "दुसरी हवी असेल तर काकूंनी यायचं, सही करायची."

"अहो, मी नवरा आहे तिचा!"

"असाल की. पेशंट नाही ना."

मागचं गिऱ्हाईक फिसकन हसलं. मास्तरांनी पट्टी उचलली आणि तडक घर गाठलं. वाटेत डोक्यात एकच भुंगा. दोघींतली एक खोटं बोलतेय. ती दुकानातली असावी, असं त्यांना फार वाटत होतं.

बायको खाटेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी झाली की जरा थांबायची.

"कॉपी दिली होती म्हणे तुला."

तिचा हात थांबला. "दिली होती."

"मग कुठाय?"

"फाडली."

"फाडली? कुणी सांगितलं फाडायला? त्या बाईनंच ना? बघ, मला वाटलंच! आत काहीतरी काळंबेरं आहे म्हणूनच—"

"अहो, जरा श्वास घ्या." तिनं घडी बाजूला ठेवली. "तोंडी सांगितलेलं तुम्हाला आजवर कधी पटलंय? माझ्या बहिणीनं लग्नाची तारीख सांगितली, तर तुम्ही पत्रिका मागवलीत. चला दुकानात. कागदच घेऊ."

दहा मिनिटांची वाट. तिला अर्धा तास लागला. पिठाच्या गिरणीपाशी ती थांबली, तर गिरणीवाल्यानं न विचारता आतून स्टूल आणून ठेवलं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्याला कसं ठाऊक, तू इथं बसतेस ते?"

"दर खेपेला बसते. तुम्ही कामावर असता. गोळ्या काय चालत येतात का घरी?"

मास्तर गिरणीवाल्याकडे बघत राहिले, पण ह्या खेपेला पकडण्यासारखं काही सापडेना.

दुकानात काकूंनी सही केली. अक्षर पार वाकडं आलं. बाईनं कपाटातून मूळ चिठ्ठी काढली, मशीनवर कॉपी मारली आणि मास्तरांचा पुढे आलेला हात टाळून ती काकूंना दिली.

"वाच गं तूच," काकू म्हणाल्या. "ह्यांना डॉक्टरचं अक्षर लागायचं नाही, आणि मी वाचलं तर म्हणतील गाळलं."

"यांच्यासमोर वाचू?"

"वाच."

बाईनं चष्मा खाली घेतला. आवाजही खाली आला. "दुखण्याची गोळी, पहिल्यापेक्षा दुप्पट ताकदीची. झोप येईल. ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही. पेशंटला समजावून सांगितलं आहे. पेशंटची इच्छा, घरीच राहायचं." मग तिनं हातातली मूळ चिठ्ठी उलटी केली. "हे मागचे शिक्के, गोळ्या नेल्याचे. आधीच्या पांढऱ्याही ह्याच कागदावर."

शिक्के मास्तरांना कुणी वाचून दाखवायला नको होते. आधी महिन्याला एक. मग पंधरा दिवसाला. शेवटचे तीन तर आठवड्या-आठवड्याला.

"हा डॉक्टर चोर आहे," मास्तर म्हणाले. "उद्याच्या उद्या दुसरा गाठू. त्याचं चुकलं तर तिसरा. मोठ्या शहरात—"

"म्हणूनच फाडली," काकू म्हणाल्या.

मास्तर तिच्याकडे वळले.

"दहा दवाखाने फिरवाल मला. प्रत्येकाशी भांडाल. जे काय दिवस आहेत ते बाकड्यावर बसून जातील माझे. मला आपल्या घरी राहायचंय हो. ह्या एकाच गोष्टीला हो म्हणा."

बाई उगाचच मागच्या फळीवरच्या बाटल्या सरळ करत राहिली.

मास्तरांनी काउंटरच्या काचेवरचा डाग बोटानं पुसला. मग म्हणाले, "ही गोळी... जेवणाआधी द्यायची का नंतर?"

"नंतर," बाई म्हणाली.

"आणि पुढच्या खेपेला मी आलो तर द्याल का?"

"काकूंनी दोन ओळी लिहून दिल्या तर देईन."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "देशील का लिहून?"

"बघू," ती म्हणाली, आणि कागद चार घड्या करून तिनं आपल्या मुठीत ठेवला.

परतताना ऊन चढलं होतं. अर्ध्या वाटेत ती एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली. डोळे मिटले. मास्तर शेजारी बसले नाहीत. ते समोर उभे राहिले, उन्हाकडे पाठ करून. मग अंदाज घेत जरासे डावीकडे सरकले, त्यांची सावली तिच्या तोंडावर येईल इतके.