पेनाने आखलेली हद्द

छबीला जन्मापासून उजवा कान नव्हता. त्या जागी शेंगदाण्याएवढी कातडीची घडी. आता ती सव्वीस वर्षांची होती, कपडे शिवून पोट भरत होती आणि मावशीकडे राहत होती. नवा कान करायचा तर तो झाकायला जास्तीची कातडी हवी, म्हणून सर्जनबाईंनी त्या घडीमागे, कातडीखाली, एक छोटा फुगा बसवला होता. दर आठवड्याला त्यात सुईने थोडं सलाईन भरायचं, म्हणजे वरची कातडी हळूहळू ताणली जाते. सहा आठवडे सगळं सुरळीत चाललं.

सातव्या आठवड्यात फुग्यावर लाली आली. छबीने केस पुढे ओढून दोन दिवस ती झाकली. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना मावशीचा हात तिथे लागला.

"अगं, नुसती भट्टी पेटलीय! आणि तू गप्प बसलीस?"

"फुगा काढून टाकतील ना गं, मावशी."

तासाभरात दोघी हॉस्पिटलात. सर्जनबाईंनी बोटाने हलकेच दाबून पाहिलं. "पू झालाय. दोन दिवस वाया घालवलेस, शहाणे."

"काढणार का?"

"इतक्यात नाही. ताप फारसा नाही, कातडी शाबूत आहे, फुगा उघडा पडलेला नाही. वाचवून बघू. पण अठ्ठेचाळीस तासच. लाली पसरत राहिली किंवा कातडी काळवंडली, तर फुगा बाहेर. मग काही महिने थांबून पुन्हा श्रीगणेशा. कबूल?"

"कबूल," छबी म्हणाली.

बाईंनी जागा बधिर करून पू काढला, त्याचा नमुना लॅबला धाडला. फुग्यातलं बरंच पाणी काढून ताण कमी केला आणि आतली जागा धुण्यासाठी बारीक नळी ठेवली. हाताच्या शिरेतून औषध सुरू झालं. शेवटी त्यांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली. "ही हद्द. सिस्टर, दर चार तासांनी बघायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाली रेघेबाहेर बोटभर सरकली होती. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. "काढून टाका, उगाच जोखीम नको," म्हणाले.

तेवढ्यात लॅबचा रिपोर्ट आला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"या जंतूला आपलं औषध लागूच पडत नाही. दुसरं लावते. मुदत उद्या सकाळी संपते, सर. सकाळपर्यंत उतार पडला नाही तर मीच काढेन."

बाईंचा आवाज चढला नाही, की पडला नाही. तो ऐकून छबी त्या दुपारी गाढ झोपली. जागी राहिली ती मावशी.

सकाळी सिस्टरने पट्टी उघडली. लाली रेघेच्या आत आली होती, कातडीवर बारीक सुरकुत्या दिसत होत्या.

"सूज उतरतेय," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

जागा पूर्ण निवळल्यावर त्यांनी बेत बदलला. आणखी फुगवत बसायचं नाही. आहे त्या कातडीत भागवायचं. फुगा काढला, बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कोरून त्यांनी कानाचा सांगाडा केला, कातडी कमी पडली तिथे मांडीची लावली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा छबीने आरसा हातात धरला. "मावशी, खरं सांग."

"डाव्यापेक्षा जरा जाड झालाय."

"सहा महिन्यांनी तासून देईन," बाई म्हणाल्या.

छबीने मान वळवून पुन्हा एकदा पाहिलं. "बघू तेव्हाचं तेव्हा. सोमवारपासून कामावर गेलं तर चालेल ना?"