दोन दारांमधलं स्टूल

माझा एक नेम आहे. घराबाहेरच्या कुणा एकाला तरी दोन घास दिल्याशिवाय आपण तोंडात काही घालायचं नाही. चव बघण्यापुरतंसुद्धा नाही. त्यामुळे माझा सगळा स्वयंपाक अंदाजाने होतो, आणि मीठ-तिखट जमलं की फसलं हे पहिला खाणारा सांगतो तेव्हाच मला कळतं. एरवी ह्यात जड असं काही नव्हतं. सकाळची प्रार्थना आटोपून दार उघडलं की कुणी ना कुणी असायचंच. कचरा नेणारी बाई, मीटर बघणारा, टपालवाला. टपालवाला तर आमचं टपाल मुद्दाम जेवणाच्या वेळेला आणायचा.

मग टाळेबंदी लागली आणि जिना ओस पडला.

पहिल्या दिवशी दुपार कलली तरी मी आपली ताट झाकून बसलेली. आमचे हे जमीनमोजणीत नोकरीला होते. निवृत्त झाले तरी मोजायची खोड गेली नाही. घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुझा नेम आज माझ्या पोटावरून चाललाय. थांब जरा." उठले, दाराबाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि घंटी वाजवली.

"कोण आहे?"

"वाटसरू आहे, माई. दोन घास वाढा."

सून खो खो हसली. मलाही हसू आवरेना, पण म्हटलं, "देवाला डोळे नाहीत का? या आत."

"मग पाखरांना घाल."

"पाखरं 'पुरे' म्हणत नाहीत. माणूस हवा."

ते आत येता येता समोरच्या बंद दाराकडे माझं लक्ष गेलं. तिथे भट्टीवाले राहतात. खाली कोपऱ्यावरची बेकरी त्यांची, म्हणून सगळे त्यांना भट्टीवालेच म्हणतात. एकटा जीव. त्याच साथीच्या दुखण्यातून उठून आदल्या दिवशी इस्पितळातून घरी आले होते. डॉक्टरांनी बरे झाले म्हणून सोडलं होतं, तरी इमारतीतली माणसं त्यांच्या दारापुढून श्वास कोंडून जायची. माझ्या मनाला चटका बसला. माणूस शोधत मी सकाळपासून बसले होते, आणि माणूस चार पावलांवर होता.

सुनेने उपाय काढला. "आई, दोन दारांच्या मध्ये स्टूल ठेवू. तुम्ही ताटली ठेवून आत या, मग ते उचलतील."

तसंच ठरलं. त्यांचं खाऊन झालं की ते आतून दारावर दोनदा टकटक करायचे आणि ओरडायचे, "छान होतं हो, वहिनी!" मग मी जेवायची. भात-भाजी असो, सूप असो, रोज छान. मला वाटायचं, अंदाजाने करतेय तरी हाताला चांगली चव आलीय. ह्यांना मात्र ते पटायचं नाही. "कालच्या सूपला छान म्हणाले?"

पुढे दुकानात पाव मिळेनासा झाला. सून म्हणाली, "आपण घरीच करू की." आमच्याकडे ओव्हन होता, सुनेच्या लग्नात आलेला. त्यात आम्ही कढया ठेवायचो. कढया बाहेर निघाल्या, पीठ मळलं गेलं, आणि जे तयार झालं त्याला ह्यांनी पट्टी लावली. "उंची दोन बोटं. पायाभरणीला चालेल."

मी लाजत लाजत त्यातलाच तुकडा सूपाबरोबर स्टुलावर ठेवला. टकटक झाली. "चवीला छान हो, वहिनी! पण दात माझेच आहेत अजून, ते राहू देत. मी काय सांगतो ते करा."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर काचेची बरणी होती. आत बुडबुडे आलेलं, पाव फुगवायचं आंबवण. फोनवर म्हणाले, "हे जिवंत आहे. इस्पितळातून येताना बेकरीतून एवढं एकच घरी घेऊन आलो. रोज थोडं पीठ-पाणी भरवायचं."

म्हणजे मला भरवायला आणखी एक जण मिळाला. मी तर खूशच झाले.

तेव्हापासून ते समोरच्या घरातून फोनवर शिकवायचे आणि मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून मळायची. "मीठ एवढ्यात नको, वहिनी. वेगळं वाटीत काढून ठेवा. पीठ, पाणी आणि आंबवण यांची आधी ओळख होऊ दे, मग मीठ." पाव भाजून झाला की तो उलटा धरायचा, फोन जवळ न्यायचा आणि बुडावर टिचकी मारायची. ते कान देऊन ऐकायचे. "अजून ओला वाजतोय. परत आत घाला." पाच-दहा मिनिटांनी पुन्हा टिचकी. "हां! आता दार वाजवल्यासारखा वाजला. काढा." हे पट्टी घेऊन तयारच असायचे. एकदा पाव सहा बोटं फुगला, तर ह्यांनी तो आकडा फोनवरून दोन्ही बहिणींना कळवला.

एकदा मात्र आंबवण उन्हाच्या खिडकीत राहिलं. मी काही चाखलं नव्हतं. भट्टीवाल्यांची टकटक झाली, "छान होता!" आणि आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला ह्यांचा एक डोळा मिटला तो उघडेचना. सुनेने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. एवढा आंबट पाव मी जन्मात खाल्ला नव्हता.

मी तशीच उठून त्यांच्या दाराशी गेले. दाराबाहेरूनच विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. पाव कसा होता?"

ते आतून म्हणाले, "वहिनी, दुखण्यातून उठल्यापासून मला चव नाही, वास नाही. काही खा, तोंडात कागद."

"मग रोज छान कसं हो म्हणता?"

"तुम्ही उपाशी दारामागे उभ्या असता. मी बोलल्याशिवाय तुम्ही जेवत नाही, हे काय मला ठाऊक नाही?"

ते पुढे म्हणाले, "उद्या दुकानं उघडायला सांगितली तरी मी भट्टी पेटवणार नाही. लोकांना काय खाऊ घालतोय हे माझं मलाच कळत नसेल, तर त्या शटरला कुलूपच बरं."

त्या दिवसापासून माझ्या सकाळच्या प्रार्थनेत एक जीभ वाढली. मोठमोठी मागणी मी कधी केली नाही, पण एवढं मागितलं. शिवाय देवाला थोडा हातभार म्हणून रोज ताटलीत काहीतरी झणझणीत, नाहीतर आंबट ठेवू लागले.

"आज काय, भाऊजी?"

"कागद."

"लिंबू पिळलं होतं!"

"मग ओला कागद."

मिरी घातली तर "गरम कागद." हे जेवताना ओरडायचे, "अहो, तुमच्या जिभेच्या औषधाने आमच्या जिभा चालल्यात!" पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. पण चव काही यायची नाही.

आणि एका गुरुवारी बातमी आली. सोमवारपासून बेकऱ्या उघडायच्या. मी आनंदाने फोन केला तर ते नुसतं "बघू" म्हणाले. त्या "बघू"मध्ये कुलूपच होतं.

शनिवारी मी पाव केला. मळत असताना मन सगळं त्या शटरपाशी. पाव फुगला तो असा की ह्यांची पट्टी अपुरी पडली. टिचकी ऐकून भट्टीवाले म्हणाले, "उत्तम." जाड फोड कापून स्टुलावर ठेवली, आत आले, ओटा पुसायला घेतला आणि खिडकीतल्या ताटलीखाली वाटी दिसली. मीठ! जसंच्या तसं, वाटीतच.

धावत दार उघडलं तर स्टूल रिकामं, समोरचं दार बंद. माझ्या नेमाने मी माणसाला अळणी खाऊ घातलं होतं.

टकटक होईना. हे म्हणाले, "अगं, तुझ्या नेमात मी आणि सून दोघंही धरले गेलोय." तरी टकटक होईना. आणि मग समोरचं दार धाडकन उघडलं.

"वहिनी! मीठ कुठंय?"

मी दारात वाटी घेऊनच उभी होते. भट्टीवाले समोर, हातात अर्धा खाल्लेला पाव, मास्क एका कानाला लटकलेला. "ह्यात मीठ नाही! पार अळणी! अशी फोड गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर मारली असती!"

इतकं गोड बोलणं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. पण हे पडले मोजणीवाले. पुढे होऊन म्हणाले, "थांबा. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं, बिनमिठाचा पाव जास्त फुगतो, वरून फिका दिसतो. तुम्ही डोळ्यांनी ओळखलं असणार."

भट्टीवाल्यांचा चेहरा उतरला. "खरं आहे. मलाही आता कळेना."

सून पटकन आत गेली आणि तिने दोन भरलेले चमचे आणून स्टुलावर ठेवले. "काका, डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटले, चाचपडत पहिला चमचा तोंडात घातला.

"साखर," ते म्हणाले. मग दुसरा चमचा. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि डोळे मिटलेलेच असताना पाणी गालावर आलं. "मीठ. वहिनी, मीठ आहे हो! केवढं खारट! आणखी आहे का?"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणाचं काय चाललंय हे न कळताच खालच्यांनीही वाजवल्या. मी घरात येऊन देवापुढे डोकं टेकलं, मग तो अळणी पाव खाल्ला. ह्यांनी कुरकुर केली, "ह्यात खरंच मीठ नाही." मी म्हटलं, "नाहीच आहे!" आणि त्यांना आणखी एक फोड वाढली.

सोमवारी जिन्यात वास आला तेव्हा मी प्रार्थना करत होते. ती कशीबशी पुरी केली. दार उघडलं तर स्टुलावर कागदात गुंडाळलेला अख्खा पाव, हात लावला तर पोळला. भट्टीवाले पिठाने माखलेले, त्यांच्या दारात.

"पहिल्या घाण्यातला. आज आधी तुम्ही, वहिनी. तुमची टकटक झाल्याशिवाय मी खाणार नाही."

"भाऊजी, असं कसं? आधी तुम्ही. माझा नेम आहे."

"मीही आजपासून तुमचाच नेम धरलाय."

"पहिल्याच दिवशी मोडा."

"तुम्ही मोडाल का?"

आमचं असं चाललेलं, पाव निवायला लागला. तेवढ्यात मधून एक हात आला, पावाचा कोपरा मोडला गेला, आणि कुरकुर चावल्याचा आवाज आला. आमचे हे. भट्टीवाल्यांना तर ते घराबाहेरचेच. आम्हा दोघांकडे बघत, तोंड भरलेलं, त्यांनी स्टुलावरच दोनदा टकटक केली.

"छान आहे हो," म्हणाले. "मीठ बरोबर."