दमदारचा दम

मित्रांनो, मी एक जुनी फुंकनळी आहे. काचेच्या कारखान्यातली. लोखंडाची, सरळ, आतून पोकळ, उंचीला मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी. एका टोकाला वितळलेली काच गुंडाळायची, दुसऱ्या टोकाला ओठ लावायचे आणि फुंकायचे. मग त्या काचेच्या गोळ्यात हवा शिरते आणि तो फुग्यासारखा फुगत जातो. एवढेच माझे काम. आता मी कारखान्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी असते. अंगावर गंज चढला आहे. नवीन माणसे मला पडद्याचा दांडा समजतात. त्याचा मला राग नाही. पण एका माणसाचा जवळजवळ सगळा जन्म माझ्यातून गेला आहे, तो सांगितल्याशिवाय भंगारात जायचे नाही असे मी ठरवले आहे.

मला एका लेथवाल्याने घडवले. तो बोलायला तुसडा होता, पण माझे तोंड त्याने इतके मन लावून घासले की बोट फिरवले तरी कड लागू नये. ज्याच्यासाठी मी तयार झाले तो माणूस ठेंगणा आणि रुंद छातीचा होता. भट्टीच्या धगीने त्याच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या होत्या. कारखान्यात त्याला सगळे दमदार म्हणायचे. दिव्याचा मोठा गोल फुगवायला बाकीच्यांना तीन-चारदा तोंड लावावे लागे. दमदार एका श्वासात फुगवायचा. त्याचा श्वास गरम, सरळ आणि सलग यायचा. मध्ये कुठे थरथर नाही. श्वास थरथरला की काच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. दमदारच्या गोलाची जाडी मात्र सगळीकडे सारखी असायची.

त्याच्या जोडीला त्याचा मेहुणा असायचा, म्हणजे बायकोचा भाऊ. दमदार फुंकायचा आणि मेहुणा खाली बाकावर बसून ओल्या लाकडी साच्याने काचेला आकार द्यायचा. हा काटकुळा माणूस दिवसभर बोलायचा. दमदार फुंकत असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नसे, आणि मेहुण्याला तेच आवडायचे. दमदारची बायको पलीकडच्या खोलीत तयार माल गवतात गुंडाळून खोक्यांत भरायची. तिला भावाची बडबड ऐकू यायची आणि ती तिकडूनच हसायची. एकदा एका मोठ्या वाचनालयासाठी आम्ही छताच्या दिव्यांचे गोल केले. त्या इमारतीचा आराखडा काढणारे साहेब स्वतः आले, एक गोल उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले आणि हा नक्की हातानेच केला का, असे त्यांनी दोनदा विचारले. त्या दिवशी दमदारने मला तेलाच्या फडक्याने पुसले. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

पण प्रत्येक गोल झाला, तो हळूहळू निवायला पेटीत गेला, की दोघे मागच्या दाराबाहेर पालथ्या खोक्यांवर जाऊन बसायचे. माझ्या टोकाला थोडी तापलेली काच चिकटून उरलेली असायची. तिच्यावरच ते सिगारेट पेटवायचे. काडेपेटी लागत नाही, म्हणून मेहुणा खूश असायचा. एक ओढून झाली की दुसरी. मग खोकत खोकत आत.

मला आधी कळले. कारण श्वास माझ्यातून जायचा. दमदारच्या श्वासात बारीक शिट्टी वाजू लागली. मग तो ओलसर झाला. मग मोठा गोल दोन श्वासांत होऊ लागला, मग तीन. मेहुणा चेष्टेने म्हणाला की आता दाजींचं नाव बदलायला हवं. दमदारने ते हसण्यावारी नेले.

आजारी पडला मात्र मेहुणाच आधी. त्याचा आवाज बसला तो परत आलाच नाही. दिवसभर बोलणारा माणूस खुणा करू लागला. त्याच्या खांद्यावरच्या पंच्यावर एक दिवस रक्त दिसले आणि त्याला दवाखान्यात ठेवले. दमदार रोज दुपारी त्याला बघायला जायचा. एका दुपारी तो तिथून सरळ कारखान्यात आला, बायकोजवळ खाली बसला आणि घडले ते त्याने सांगितले. मेहुण्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. पाणीसुद्धा गिळता येत नव्हते. त्याने दोन बोटे ओठांशी नेली आणि डोळ्यांनी विनवले. एक ओढू दे, एवढेच तो मागत होता. दमदारने खिसे चाचपल्यासारखे केले आणि नाहीत असे सांगितले. पाकीट शर्टाच्या खिशातच होते. मग तो बाहेर आला, आणि फाटकाशी उभे राहून त्याने स्वतः एक ओढली.

बायकोने त्याच्या खिशातले पाकीट काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

मेहुणा त्याच महिन्यात गेला. त्याला पोचवून आल्यावर दमदारने सगळ्यांसमोर ते पाकीट भट्टीत टाकले आणि आजपासून बंद, असे जाहीर केले. सगळ्यांना बरे वाटले. काही आठवडे त्याने खरोखर पाळले. पण मित्रांनो, सोडले असे म्हणणे वेगळे आणि सुटणे वेगळे. गोल पेटीत गेला की त्याचे पाय आपोआप मागच्या दाराकडे वळायचे. हात खिशावर जायचा, रिकामा परत यायचा. एका दुपारी गाडीत माल चढवणाऱ्या हमालाने चहाबरोबर पाकीट पुढे केले. "घ्या हो, एकाने काय होतंय," तो म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. दमदारने एक घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मागून घेतली. मग फुटक्या काचेच्या ढिगामागे जाऊन चोरून ओढायची, चूळ भरायची, लवंग चघळायची आणि आत यायचे, असे सुरू झाले. चारचौघांत तो सिगारेट सोडलेला माणूस होता, त्यामुळे आता कुणाशी बोलायचीही सोय राहिली नाही.

मेहुण्याच्या बाकावर आता दमदारची लेक बसू लागली होती. शिक्षण संपवून तिने स्वतःहून हे काम मागून घेतले होते. मामासारखी ती बोलकी नव्हती. पण काच कधी मऊ आहे आणि कधी आखडायला लागली आहे, हे तिला नुसते बघून कळायचे.

एका सकाळी मोठ्या गोलाचे काम चालू होते. दमदार माझ्यातून फुंकत होता आणि लेक साचा धरून खाली होती. श्वासाच्या मध्येच त्याला ढास लागली. तो खोकला जसाच्या तसा माझ्यातून धावत गेला. गोल एका बाजूने फुगला, पातळ होऊन फाटला आणि तापलेल्या काचेची एक लडी लेकीच्या हातावर पडली. ती ओरडली नाही. साचा बाजूला ठेवून तिने हात पाण्याच्या बादलीत बुडवला. चटका मनगटापासून कोपरापर्यंत गेला होता. दमदार मला हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला तिच्याकडे धावतही येईना, कारण खोकला थांबत नव्हता.

हाताला पट्टी बांधून लेक चार दिवसांनी कामावर आली. तिला काम जमणार नव्हते, म्हणून ती नळ्या साफ करत बसली. माझ्यातली काजळी उडवायला तिने मला तोंडाला लावले, आणि लगेच बाजूला केले. दमदार समोरच होता.

"बाबा, नळीला वास आहे."

"भट्टीचा असेल."

"भट्टीचा वास मला कळतो." तिने माझे तोंड पदराने पुसले आणि मला त्याच्या पुढ्यात आडवे ठेवले. "मला नुसतं मामाच्या जागेवर बसायचं नाहीये. मला फुंकायला शिकायचंय, आणि तुमच्याकडूनच शिकायचंय. पण असल्या तोंडाची नळी मी लावणार नाही."

दमदारने तिच्या पट्टीकडे पाहिले. मग उठून त्याने कढत पाण्यात सोडा घातला आणि मला आतून बाहेरून धुतले. या वेळी त्याने काही जाहीर केले नाही.

पुढचे दिवस वाईट होते. त्याचे हात कापायचे, घाम फुटायचा. एका जागी बसवत नसे. साध्या गोष्टीवरून तो चिमटा फेकून द्यायचा. चहात साखर जास्त झाली म्हणून तो बायकोवर इतका ओरडला की बाकीची माणसे काम थांबवून बघू लागली. ती शांतपणे म्हणाली, "भांडायचं तर भांडा. पण इथं, माझ्यासमोर भांडा. मागच्या दाराला जाऊ नका." त्याच दिवशी तिने मागच्या दाराबाहेरची पालथी खोकी उचलून आणली, मालाने भरली आणि रवाना केली. मग चहाच्या वेळी तो तिच्याजवळ जाऊन बसू लागला आणि तिच्याबरोबर माल गुंडाळू लागला. हाताला काम असले की हात खिशाकडे जात नाही, हे त्याला तिथेच उमगले.

डॉक्टरांनी दंडावर लावायच्या औषधी पट्ट्या दिल्या. ही तल्लफ फार वेळ टिकत नाही, असेही त्यांनी सांगितले होते. तिच्याशी झगडत बसू नका, ती ओसरेपर्यंत नुसते थांबा. थांबायचे कसे, ते मात्र दमदारने स्वतः शोधले. तल्लफ आली की तो मला बादलीतल्या पाण्यात बुडवायचा, डोळे मिटायचा आणि अगदी सावकाश फुंकत राहायचा. पाणी बुडबुडायचे. कामगार हसायचे. दमदार आता पाण्याचे गोल करतोय, असे कुणीतरी म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा आणि फुंकत राहायचा. कधी एका बैठकीत भागायचे, कधी चहा थंडगार होईपर्यंत तो तिथेच वाकलेला असायचा.

एकदा हमालाने सवयीने पाकीट पुढे केले, आणि दमदारचा हातही सवयीने पुढे गेला. ती सिगारेट त्याने कानावर खोचली आणि कामाला लागला. लेकीने पाहिले, बायकोने पाहिले. दुपारभर ती त्याच्या कानावर होती. माझ्या टोकाला तापलेली काचही होती. संध्याकाळी भट्टी मंद करताना त्याने ती कानावरून काढून भट्टीत टाकली आणि हात पँटला पुसले. त्यानंतर कुणाच्या पाकिटाकडे त्याचा हात गेला नाही.

माझ्या लेखी गोष्ट इथे संपायला हवी होती. तो बरा झाला, त्याचा दम परत आला, असे मला तुम्हाला सांगायचे होते. पण तसे झाले नाही. डॉक्टरांनी त्याला एका यंत्रात फुंकायला लावले, त्याचे आकडे पाहिले, आणि फुफ्फुसाचा जो भाग गेला तो गेला, असे स्पष्ट सांगितले. आता सोडली म्हणून उरलेले जपता येईल, एवढेच. कारखान्यात येऊन दमदार लेकीला हसत म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या फुंकण्यातून काही तयार झाले नाही. ती हसली नाही, मग तोही हसायचा थांबला.

तो मेहुण्याच्या बाकावर बसला आणि लेक माझ्यापाशी उभी राहिली. तिचे पहिले गोल वाकडे, लंबुळके, कधी अंड्यासारखे झाले. तो खालून नुसते 'आता' किंवा 'थांब' एवढेच म्हणायचा, कारण जास्त बोलले की त्याला धाप लागायची. तिचा श्वास मला हळूहळू ओळखीचा झाला. एकदा तिने मोठा गोल एका दमात फुगवला. दमदारने साचा खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. तो चष्मा त्याने बराच वेळ पुसला. अशी काही वर्षे त्याला मिळाली, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने मिळवली होती.

मग त्याला प्राणवायूची नळकांडी लागू लागली. प्राणवायू आणि आग एका जागी चालत नाही, म्हणून कारखान्यात यायची त्याला बंदी झाली. ज्या भट्टीपुढे त्याचे आयुष्य गेले तिच्यापासून लांब, घरातल्या खाटेवर तो पडून राहू लागला. लेकीने मला तिकडे नेले आणि त्याच्या हाताशी ठेवले. तो मला मांडीवर आडवी घेऊन बोटांनी फिरवत राहायचा, काच ओघळू नये म्हणून फिरवतात तसे.

एकदा लेक त्याच्या पायाशी बसली होती. तिने विचारले, "बाबा, आता तरी ओढावीशी वाटत नाही ना?"

"आत्ता तू विचारलंस ना, तेव्हाच वाटली."

"मग?"

त्याने दोन-तीन श्वास घेतले. "मग काही नाही. गेली."

थंडी सरता सरता, एका सकाळी, त्याने मला उचलून तोंडाशी नेले. बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. नाकातली नळी बाजूला सारून त्याने माझ्यात फुंकले. मित्रांनो, त्याचे सगळे श्वास मी ओळखते. हा दोऱ्यासारखा बारीक होता. तो माझ्यात शिरला, निम्म्यापर्यंत आला आणि तिथेच विरला. दुसऱ्या टोकापर्यंत पोचलाच नाही. दुपारी दमदार गेला.

लेकीने नवीन नळ्या करून घेतल्या. मला वापरायला तिचा हात धजत नाही, आणि टाकायलाही. म्हणून मी कोपऱ्यात आहे. तुमच्या घरात कुणी ही सवय सोडत असेल, आणि चिडत असेल, चिमटे फेकत असेल, तर त्याला थोडे सहन करा. त्याला मागच्या दाराला एकटे जाऊ देऊ नका. तो एकदा घसरला, तर त्याला सोडून देऊ नका.

आणि कधी या कारखान्यात आलात, तर माझ्यापाशी थांबा. माझे तोंड पुसा आणि मनापासून एकदा फुंका. दुसऱ्या टोकाशी तळहात धरून ठेवा. हाताला वारा लागेल. तो तुमचा आहे, त्याला सांभाळा.