कात्रीवरची छाप

"आत ये की. दारात उभा राहून माझा उजेड कशाला अडवतोस?" दादा मान वर न करताच म्हणाला.

धाकटा आत आला आणि हातातली पिशवी त्याने पायामागे सरकवली, चोरीचा माल असावा तशी. कात्र्यांची ती गल्ली होती तशीच होती. समोर धारवाल्याचं चाक गरगरत होतं, शेजारी मुठी घासणं चाललं होतं आणि दादा त्याच भट्टीपुढे बसून पात्यांना पाणी देत होता. पातं लालभडक तापवायचं, बुडवायचं, की पोलाद कठीण होतं. पुढे दोन पाती जुळवून कात्री उभी करायची, ते फिटरचं काम. धाकट्याने अर्धं आयुष्य तेच केलं होतं, दादाच्या शेजारी बसून.

मग हायवेवरच्या नव्या कारखान्याच्या मालकाने त्याला मास्तर करून नेलं. तिथे जमीन स्वस्त, वीज हवी तेवढी, ट्रक थेट दारात. निघताना भर गल्लीत धाकटा बोलून गेला होता, "कसब माझ्या हातात आहे. हात घेऊन चाललोय. मागे उरतो तो नुसता धूर!" दादा तिथेच उभा होता, चिमटा हातात घेऊन. आता ते बोलणं आठवलं की धाकट्याचे कान तापायचे.

"वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू कशाला आलास ते सांग."

काय सांगणार, कपाळ! त्याने पिशवी उपडी केली. पाती खणखणत फरशीवर पडली. काही टोकाशी मोडलेली होती.

"बाक द्यायला हातोडी मारली की तुटतात, दादा. उद्या मोठं गिऱ्हाईक येणार आहे. त्याला नमुन्याचा माल पटला नाही, तर मालक कारखान्याला टाळं लावीन म्हणतो."

दादाने एक धड पातं उचलून नखाने वाजवलं. "पाणी जास्त झालंय. ज्याने दिलं त्याला सांगायचंस."

"पाती लांबून तयार होऊन येतात. आपली तक्रार तिथे पोचेपर्यंत पुढचा ट्रक येऊन उभा राहतो, त्यातही तेच. इथे मी नुसतं ओरडायचो, जरा मऊ दे रे, की तू लगेच..."

गल्लीत कात्री तयार झाली की फिटर ती कानाशी धरून वाजवी, आणि आवाज गोड आला की कोणीतरी बसल्या जागेवरून "बसली!" म्हणून ओरडे. कारखान्यातही सवयीने तो वाजवून बघायचा. एवढ्या मोठ्या शेडमध्ये ओ द्यायला कोणी नव्हतं. ज्या कसबाचा तोरा मिरवत तो गेला, त्यातलं निम्मं गल्लीचं होतं. निम्मं कसलं, जास्तच! हे त्याला केव्हाच उमगलं होतं, पण दादासमोर कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

दादाने धड पाती वेचून, मंद आचेवर पुन्हा तापवून त्यांचा ताठा उतरवला आणि समोर हाक मारली, "अरे, चाक मोकळं आहे का? धाकट्याचं काम आहे."

धारवाला हात पुसत आला. "काय मास्तर, धुराची आठवण झाली वाटतं!" म्हणाला आणि पाती उचलून घेऊन गेला. धाकटा हसला. दुसरं काय करणार?

संध्याकाळपर्यंत पाती रस्ता ओलांडून इकडून तिकडे फिरत राहिली. एक जाड राहिलं तर धाकटा इथूनच ओरडला, आणि धारवाल्याने तिथूनच एक शिवी हासडून ते नीट करून दिलं. धाकटा आपल्या जुन्या ठोकळ्यापाशी बसला होता. हातोडी पडली, पातं वाकलं, तुटलं नाही. दिवेलागणीला डझनभर कात्र्या तयार झाल्या.

कोणीही बनवली तरी गल्लीतून बाहेर पडणाऱ्या कात्रीवर चांदणीची छाप मारायची, ही इथली रीत. दादाचा हात सवयीने फळीवरच्या चांदणीच्या ठशाकडे गेला. त्याने तो उचलला, आणि थांबला.

"तुमच्या कंपनीचा ठसा असेल ना? आणलायस?"

आणला होता. सकाळी निघताना सगळ्यात आधी तोच खिशात टाकला होता. धाकट्याने रुमालात गुंडाळलेला ठसा बाहेर काढला. त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"तू धर, मी मारतो," दादा म्हणाला. "माझी बोटं हल्ली थरथरतात, छाप तिरकी बसते. तुझा हात पक्का आहे."

धाकट्याने ठसा धरला. दादा हातोडी मारत गेला आणि एकेका कात्रीवर कंपनीचं नाव उमटत गेलं. धाकट्याने मान वर केली नाही.

शेवटची कात्री दादाने कानाशी नेऊन वाजवली.

"बसली!" गल्लीच्या टोकाकडून म्हाताऱ्या पॉलिशवाल्याचा आवाज आला. त्याला तिथून इथलं काही दिसत नव्हतं. "कोणाची रे?"

धाकटा कंपनीचा ठसा रुमालात गुंडाळू लागला.

"आपल्या धाकट्याची!" दादा ओरडून म्हणाला, आणि चांदणीचा ठसा फडक्याने पुसून त्याने परत फळीवर ठेवला.