आईवरचं राज्य

रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात भुसा भरून म्हशीपुढं ठेवतात. म्हैस ते चाटते अन् पान्हा सोडते.

सुकन्याला विसाच्या पुढं मोजता येत नाही. वीस झाले की ती परत एकपासून धरते.

कोयत्याची मूठ सैल झाली तर ओली चिंधी आवळून बांधावी.

'आई, मी हारले. बाहीर ये.'

*

सत्यभामा आणि बिभीषण ऊसतोडीवरून गावात परतले ते गुढीपाडव्याच्या तोंडावर. अंगावर फडाची काजळी, ओठ उललेले. त्यांची सहा वर्षांची सुकन्या उंबऱ्यावर बसली होती. आईला बघून ती धावली नाही. उठली, आत गेली, तांब्या भरून आणला आणि पाव्हण्यांपुढं ठेवतात तसा दोघांपुढं ठेवला.

बिभीषण हसला. "काकू, पोरगी लई शानी झाली की!"

त्याची चुलती साखराबाई तूर पाखडत होती. पोर तिच्याकडंच ठेवली होती.

"शानी कशाची? मुकी झालीय. पोरं अंगनात घरं आखून जिबली खेळतेत, ही त्येंच्या चपला राखत बसती. गुरुजी म्हनले, खेळाय लावा हिला, खेळाबिगर लेकरू खुरटतंय. कसं लावू? खेळ म्हनलं की कापरं भरतंय."

"आवो आत्याबाई, कावून असं?" सत्यभामा म्हणाली.

साखराबाईनं सूप आपटलं. "कावून? अन् हे मला इचारतीस?"

*

आदल्या साली पोरीला फडावर नेलं होतं. पाचट पेटलं, तिचा पाय भाजला. शाळा तर बुडालीच. म्हणून यंदा तिला गावात ठेवायचं ठरलं. त्यात काही वावगं नव्हतं. चुकलं ते दसऱ्यानंतर निघताना.

"सांगून जा," साखराबाई म्हणाली होती. "रडंल, पाय आपटंल, दोन दिसांनी उगी राहील."

"रडारडीत पाय काढला की सालभर पनवती," बिभीषण म्हणाला. "मुकादम तिकडं हारन वाजवून ऱ्हायलाय."

मग सत्यभामेलाच सुचलं.

"सुके, लपाछपी खेळू. राज्य तुझ्यावर."

पोर उडालीच! पाणी, शेण, भाकरी, कोयता. यातून आई तिच्याशी कधी खेळली नव्हती. पहिलाच डाव. भिंतीला कपाळ टेकवून, हसू दाबत ती मोजायला लागली.

"डोळं उघडू नगं हं."

"न्हाई गं आई!"

*

"ट्रॅक्टर सुरू झाला तरी तिनं डोळं उघडलं न्हाईत," साखराबाई सांगत होती. "आईला सबूद दिलता ना. मग हुडकत सुटली. कनगीत, गोठ्यात, गंजीमागं. म्या म्हनलं, आई गेली गं. तर मलाच म्हनती, आजे, तू आईला सामील हायस. सांजंपस्तोर वरडत हुती, मी हारले, बाहीर ये. म्हशीला फसवतेत तसं फसवलंस लेकराला. म्हशीला कळत न्हाई. हिला कळलं."

"झालं ते झालं, काकू," बिभीषण पुटपुटला. "नांदूरघाटच्या बाजारातून बाहुली आनतो."

"आन. ती बी बसंल चपला राखत."

*

पाडव्याच्या दुपारी उन्हानं माती नुसती भाजत होती. पोरं लिंबाखाली जिबली खेळत होती. सत्यभामा पाण्याला निघाली तर सुकन्यानं मुठीत पदर धरला. गोठ्यात गेली, तरी पदर मुठीतच. शेवटी सत्यभामेनं घागर खाली ठेवली.

"सुके, आता राज्य माझ्यावर. तू लप."

सत्यभामेनं भिंतीला कपाळ लावलं. भिंतीचा सारवणाचा वास नाकात गेला. वीसपर्यंत मोजलं. वळून बघते तर सुकन्या तिथंच.

"अगं, लपली न्हाईस व्हय?"

"न्हाई. तू गेली आस्तीस."

सत्यभामा तिच्यापुढं उकिडवी बसली. "बरं, मी डोळं उघडं ठिवून मोजते. मंग?"

"असं नसतंय. ही तर रडी झाली."

"होऊ दी रडी. आपल्या दोघींचा डाव हाय."

ती मोजत राहिली, डोळे उघडे. सुकन्या पाठीमागं सरकत लिंबाच्या बुंध्याआड गेली. अर्धं तोंड बाहेरच. सत्यभामेनं जाऊन 'सुके, घावलीस' म्हणत तिच्या पाठीवर हलकाच हात ठेवला. पोर हसली नाही. मातीत अंगठ्यानं रेघ ओढत राहिली.

"आई."

"काय गं माय?"

"मी तवा लई वरडले. तुला आयकू आलं न्हाई का? का आयकू येऊन बी आली न्हाईस?"

लिंबावर कावळा बोलला. पलीकडं कुणाचा तरी खापराचा तुकडा रेघेवर पडला आणि पोरांचं भांडण पेटलं.

"न्हाई गं," सत्यभामा म्हणाली. "आमी तवर लई लांब गेलतो."

सुकन्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग छातीतला दम सोडला आणि पदराची मूठ उघडली.

"ए, मला घ्या की," ती पोरांना म्हणाली.

"तुला येती का जिबली?"

"तुज्या बापाला येती का?"

पोरं खिदळली. सुकन्या एका पायावर पहिल्या घरात पडली.

ओसरीवरून साखराबाईनं हाक दिली, "काय जादू केलीस गं?" सत्यभामेनं घागर उचलली आणि मागं न बघता पाण्याला गेली.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी ट्रॅक्टर शाळेमागच्या वळणावर बंद पडला होता, साखराबाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि दुरुस्त होऊन निघायला त्याला दुपार झाली.